उरलेली मदत

खेड्यात मदतीला जायचं म्हणजे आधी टोपी लागते, असा आमच्या गटाचा पक्का समज. त्यामुळे कळवण तालुक्यातल्या एका पाड्यावर शाळेची पोषण परसबाग करायला आम्ही उतरलो, तेव्हा टोप्या भरपूर होत्या, कुदळ एकही नव्हती. कुदळी गावाने दिल्या. फावडी, घमेली, शेणखत, जागा आणि चहाही गावानेच दिला. उरलेली मदत आमची.

आमच्यातल्या अभियंत्याने रंगीत नकाशा आणला होता. मधोमध पपई, भोवती गोल वाफे, कडेला शेवगा, वेलांना मांडव. बचत गटाच्या ताईंनी तो कौतुकाने पाहिला. ‘उमेद’ या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाच्या प्रशिक्षणात त्या हेच शिकल्या होत्या. त्यांनी खुंटी ठोकली, दोरी फिरवली आणि अभियंता ‘स्केल’ समजावून सांगेपर्यंत वर्तुळ आखून झालं. घराघरामागे मोरीच्या पाण्यावर अळू, मिरची, वांगी आधीपासून सुखाने नांदत होतीच. त्यांना नकाशा कुणी दाखवला नव्हता.

मग दुसऱ्याने मोबाईल रोपांवर धरून तण ओळखायला घेतलं. कुर्डूपाशी मोबाईल म्हणाला, तण. गावातल्या एक आजी म्हणाल्या, “राहू दे भाऊ, त्याची उद्या भाजी आहे.” मोबाईल गप्प झाला. गंमत अशी की ९ ऑगस्टच्या जागतिक आदिवासी दिनाच्या सुमारास कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तेव्हा याच कुर्डूच्या जुडीसाठी आम्ही शहरात पिशव्या घेऊन धावतो. शेतात तण, मंडपात पौष्टिक.

तिसऱ्याने गावठी बियाण्यांवर भाषण केलं. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे, त्यांची बियाणे बँक, २०२० ची पद्मश्री, सगळं तपशीलवार. बाया पदर सावरून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर आजींनी घरातून राख लावून ठेवलेलं घेवड्याचं बी आणलं आणि त्याच्या ओंजळीत ओतलं. त्याच्या खिशात संकरित भोपळ्याची पाकिटं होती; ती शेवटपर्यंत खिशातच राहिली.

गावाने मग आमची योग्यता जोखून कामं वाटली. एकाला सावलीत बसवलं, दोघांना फोटो काढायला लावलं आणि मला कोंबड्या हाकायला. हे काम मी मन लावून केलं. कोंबड्यांनी मात्र मला फारसं मनावर घेतलं नाही.

निघताना आजी म्हणाल्या, “एवढी हौस आहे, तर एप्रिलात या. उन्हाळ कांदा काढायचा, चाळीत भरायचा, मजूर मिळत नाय. तेव्हा खरी माणसं लागतात.”

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. एप्रिलमध्ये प्रत्येकाच्याच घरी नेमकं लग्न होतं.