िहरड्याचा अजर्

एमएस-सीआयटीमधल्या ‘एमएस’चा अर्थ ‘महाराष्ट्र स्टेट’ असा आहे, हे मला ती परीक्षा पास झाल्यावर सोळा वर्षांनी कळलं. तोवर मी ते मायक्रोसॉफ्टचंच प्रमाणपत्र समजत होतो. फ्रेम करून शाळेच्या भिंतीवर लावलं होतं. तपासणीला आलेल्या एका साहेबांना ‘थेट अमेरिकेचं आहे’ असं सांगितलंही होतं. साहेबांनी आदरानं मान डोलावली. त्यांच्याकडेही तेच प्रमाणपत्र होतं.

संगणकातला माझा अधिकार एवढाच. पण आमचं गाव तळेघरच्या वर, भीमाशंकरच्या रस्त्यापासून आत. इथे एवढ्यावरही माणूस तज्ज्ञ ठरतो. शाळेतून निवृत्त झालो तरी गावाचे अर्ज माझ्याकडेच येतात. शिधापत्रिकेचा, विजेच्या खांबाचा, बिबट्यानं नेलेल्या शेळीचा आणि सगळ्यात जास्त हिरड्याचा. आमच्या भागात हिरडा म्हणजे वर्षाचं मीठ-मिरची. 3 जून 2020 ला निसर्ग वादळानं झाडं झोडपली, तेव्हापासून नुकसानभरपाई हा विषय आमच्याकडे हवापाण्यासारखा बोलायला असतो. हे सगळे अर्ज मी 2014 साली घेतलेल्या संगणकावर टंकत आलो. त्याच संगणकात माझा ग्रंथही आहे. ‘भीमाशंकर परिसर : एक शोध’, पानं 214. शोध संपलेला नाही.

तर गेल्या वर्षी आषाढात पडद्यावर सूचना येऊ लागली की 14 ऑक्टोबर 2025 नंतर विंडोज 10 ला सुरक्षेची नवी डागडुजी मिळणार नाही. पुढची आवृत्ती, विंडोज 11, माझ्या संगणकात बसेना. तिला टीपीएम 2.0 नावाची सुरक्षेची सोय लागते आणि ती माझ्या यंत्रात नव्हती. मंचरला जाऊन नव्या संगणकाचा भाव काढला आणि दुकानातलं पाणी पिऊन परत आलो. हिंजवडीला असलेल्या पुतण्याला फोन केला.

“काका, लिनक्स टाका. फ्री आहे,” तो म्हणाला.

इंग्रजीत त्या एका शब्दाचे दोन अर्थ होतात आणि त्यावर तिकडची विद्वान मंडळी चाळीस वर्षं वाद घालतायत, असं पुतण्यानंच सांगितलं. मराठीत ही अडचण नाही. ‘मुक्त’ वेगळं, ‘फुकट’ वेगळं. पुतण्यानं दोन्ही नीट समजावून सांगितलं. आज्ञावली कुणालाही वाचता येते, बदलता येते, शेजाऱ्याला देता येते वगैरे. मी सगळं ऐकलं. कानात एकच शब्द शिरला, आणि तो ‘मुक्त’ नव्हता.

मग कळलं की लिनक्स एक नाही. पंथ, उपपंथ, त्यांचे मठ आणि मठांतली भांडणं, असा हा संप्रदाय आहे. 1991 मध्ये हेलसिंकीतल्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं गाभा लिहिला आणि जगानं त्यावर आपापली देवळं बांधली. उबुंटू आहे, फेडोरा आहे, डेबियन आहे. आपल्या सी-डॅकचं ‘बॉस’सुद्धा आहे, पण आमच्या घरात त्या नावाची जागा रिकामी नव्हती. पुतण्यानं ‘मिंट’ सुचवलं. “मिंट म्हणजे पुदिनाच ना?” हिनं विचारलं. “मग परसात आहे की. एवढं डोंगरावर कशाला जाताय?”

डोंगरावर जावं लागलं, कारण घरात रेंज नाही आणि राउटर तेव्हा बंद होता. फाइल सुमारे तीन जीबीची आणि माझा फोनचा पॅक रोजचा दीड जीबीचा. म्हणजे पुदिना दोन दिवसांत उतरणार. इरलं पांघरून, फोन छातीशी धरून मी टेपाडावर उभा राहिलो. धुकं असं की स्वतःचा हात दिसत नव्हता. भीमाशंकरला निघालेली पुण्याची काही मंडळी वाट चुकून तिथे आली आणि मला बघून दचकली. एकानं नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी सकाळी उरलेला दीड जीबी उतरला. तोवर मला जोराची सर्दी झाली होती.

माझ्याकडे दोन पेनड्राइव्ह होते, एक लाल आणि एक निळा. निळ्यात लिनक्स भरायचं ठरलं होतं. भरताना त्यातलं आधीचं सगळं पुसलं जातं, हे पुतण्यानं तीनदा बजावलं होतं. मी लाल लावला. लालमध्ये हिच्या भाचीच्या लग्नाचे सगळे फोटो होते. दोन दिवस मी ही गोष्ट लपवली. तिसऱ्या दिवशी भीत भीत सांगितली. ही म्हणाली, “गेले ते बरं झालं. एकातही माझा धड चेहरा नव्हता.” मग थोडं थांबून, “काढले कुणी होते?” म्हणाली. काढले मीच होते.

आता पुढचा टप्पा. आमच्या जंगलातला शेकरू एका हंगामात एकापेक्षा जास्त घरटी बांधतो. राज्यप्राण्यानं घालून दिलेला हा धडा मीही गिरवायचं ठरवलं होतं. जुनी विंडोज राहू द्यायची, शेजारी नवं लिनक्स बांधायचं, आणि सकाळी वाटेल त्या घरट्यात शिरायचं. पुतण्याचाही तोच सल्ला होता. ठरल्याप्रमाणे सगळं चाललं होतं. मग पडद्यावर पार्टिशनचा प्रश्न आला.

पार्टिशन म्हणजे वाटणी. ह्या शब्दानं आमच्या घराण्याच्या दोन पिढ्या घोडेगावच्या कोर्टात घालवल्या आहेत. आजोबा आणि त्यांचे भाऊ दीड एकर खाचरासाठी चाळीस वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. सातबाऱ्यावर अजून चौदा नावं आहेत, त्यातली नऊ वारलेल्यांची. मरताना वडिलांनी माझा हात धरून सांगितलं होतं, “काही कर, वाटणी मागू नकोस.” त्यामुळे ‘डिस्कची वाटणी करायची की संपूर्ण डिस्क वापरायची’ असं यंत्रानं विचारल्यावर मी क्षणाचाही विलंब न लावता एकत्र कुटुंबाच्या बाजूनं कौल दिला. यंत्रानं पुन्हा विचारलं, नक्की? नक्की, म्हटलं.

संपूर्ण डिस्क वापरायची याचा अर्थ आधीचे सगळे रहिवासी बाहेर काढायचे असा होतो. हे मला पुतण्यानं फोनवर, जरा वेळ गप्प राहिल्यानंतर, सांगितलं.

मधे एकदा वीज गेली. तो प्रकार इथे आषाढात सांगण्यासारखा नाही, म्हणून सोडून देतो. दुसऱ्या खेपेला रात्री दहा वाजता लिनक्स उभं राहिलं. हिरवा पडदा, स्वच्छ, झाडून-पुसून ठेवलेल्या अंगणासारखा. जुन्या यंत्राला इतक्या चपळाईनं उठताना मी कधी पाहिलं नव्हतं. मी हिला हाक मारली. तिनं पडदा पाहिला आणि विचारलं, “नेट लागलं का?”

नेट लागलं नव्हतं. राउटर पलीकडच्या खोलीत, मधे एक कुडाची भिंत. पण वायफायचं बोटाएवढं यंत्र लिनक्सला ओळखू येईना. त्याचा ड्रायव्हर नेटवर मिळतो, असं पुतण्या म्हणाला. म्हणजे किल्ली घरात आणि कुलूप बाहेरून.

ह्या वेळी मला खोडद आठवलं. आमच्या शेजारच्या जुन्नर तालुक्यात, नारायणगावाजवळ, गोविंद स्वरूप यांनी उभी केलेली जीएमआरटी नावाची रेडिओ दुर्बीण आहे. तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर, आसपासच्या गावांतून पंचवीस किलोमीटरवर पसरलेल्या. 28 फेब्रुवारीला विज्ञान दिनाला ती लोकांना पाहायला मिळते, म्हणून मी एकदा पोरांना घेऊन गेलो होतो. ह्या तबकड्यांचे संकेत जुळवण्यासाठी तिथल्या लोकांनी साध्या, बाजारात मिळणाऱ्या संगणकांचा ताफा लिनक्सवरच उभा केला, हे मी नंतर वाचलं. म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वी कुठल्याशा आकाशगंगेतून निघालेली कुजबुज लिनक्सला खोडदला ऐकू येते, आणि माझ्याकडे त्याला स्वयंपाकघरातला राउटर ऐकू येत नाही. दोष लिनक्सचा नसावा. खोडदला शास्त्रज्ञ आहेत.

शेवटी फोन वायरनं संगणकाला जोडला आणि नेट आलं. “आता टर्मिनल उघडा,” पुतण्या म्हणाला. टर्मिनल म्हणजे काळी पाटी. तिच्यावर आज्ञा लिहायची. आयुष्यभर पाटीवर लिहूनच पोट भरलं असल्यामुळे मला उलट बरं वाटलं. आज्ञा लिहिली. पाटीनं पासवर्ड मागितला. मी टंकायला लागलो. पाटीवर काही उमटेना. अक्षर नाही, चांदणी नाही, ठिपका नाही.

कीबोर्ड दमटला असणार! आषाढात आमच्याकडे आगपेटी दमटते, पापड दमटतात, माणसं दमटतात. कीबोर्डाची काय कथा. मी फोन ठेवला आणि कीबोर्ड चुलीपाशी उबेला नेऊन ठेवला. अर्ध्या तासानं आणला. तरी काही उमटेना. पुन्हा चुलीपाशी नेला, जरा जवळ. त्यात स्पेसबार वाकला. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा कळलं की लिनक्सच्या पाटीवर पुष्कळदा पासवर्ड मुद्दामच दाखवत नाहीत. किती अक्षरं आहेत तेही शेजाऱ्याला कळू नये म्हणून. आंधळेपणानं लिहायचं आणि एंटर दाबायचं. माझा सर्वांत जवळचा शेजारी तेव्हा अडीचशे फुटांवर, गोठ्यात होता.

एवढ्यावर हा विनोद संपला असता. पण मग मी ग्रंथ उघडला.

ग्रंथाची एक प्रत पुतण्याच्या ईमेलमध्ये होती, ती त्यानं परत पाठवली. उघडली तर पहिल्या पानावर इंग्रजी अक्षरं, डॉलर, टक्के, उद्गारचिन्हं यांची पिसाळलेली मिरवणूक. 214 पानं तशीच. कुठे भीमा नाही, शंकर नाही.

ह्याचं कारण समजून घ्यायला मला तीन दिवस लागले. आपल्याकडे जुने मराठी फॉन्ट होते ते खरे मराठी नव्हतेच. संगणकाच्या लेखी सगळा मजकूर रोमन अक्षरांचा. फॉन्ट फक्त त्या अक्षरांना मराठी पोशाख चढवायचा. नारायणगावच्या तमाशात रंगमंचावर राजा असतो आणि पोशाख उतरवला की तोच राहुटीमागे बिडी ओढत बसलेला असतो, तसं. माझा फॉन्ट पुसलेल्या डिस्कबरोबर गेला होता, आणि त्यामुळे इतक्या वर्षांचं माझं सगळं मराठी राहुटीमागे बिडी ओढत बसलं होतं. युनिकोडमध्ये तसं नाही. त्यात ‘भ’ला स्वतःचा क्रमांक आहे आणि तो कुठल्याही यंत्रात ‘भ’च राहतो. हे युनिकोडही 1991 सालचंच. मी मात्र पोशाखावरच खूष होतो.

फॉन्ट पुन्हा घातला असता तर राजा परत आला असता. फॉन्टची सीडी होती. दोन वर्षांपूर्वी वरईवर पाखरं बसू नयेत म्हणून मीच ती शेतात काठीला टांगली होती. जाऊन पाहिली. अजून फिरत होती. एका बाजूनं आरशासारखी, दुसऱ्या बाजूनं पार खरवडलेली.

त्याच दिवशी संध्याकाळी शेजारचे आबा आले. “गुरुजी, हिरड्याचा अर्ज द्या. सकाळच्या यष्टीनं घोडेगावला जायचंय.” मी त्यांना बसवलं आणि ग्रंथाबरोबरच परत आलेला जुना नमुना काढून, पुतण्यानं सांगितलेल्या फॉन्ट बदलणाऱ्या साधनात टाकला. वीज लुकलुकत होती. मजकूर मराठी दिसला एवढं पाहून छापला, नावापुढे आबांचा अंगठा घेतला आणि दिला.

जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टंकायची, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. रफार नंतर टंकायचा, कारण तो पुढच्या अक्षरावर बसतो. युनिकोडचं उलट आहे. ओठांवर येईल त्या क्रमानं लिहायचं, आधी अक्षर, मग वेलांटी. माझ्या साधनाला हा फरक माहीत नव्हता. जे जसं टंकलं होतं तसंच त्यानं मांडलं. त्यातून काही शब्द दुरुस्त करायला मी नव्यानं टंकले होते, वाकलेल्या स्पेसबारनं. आबांच्या कागदावर मथळा होता : ‘िहरड्याचा अजर्’. खाली लिहिलं होतं की ‘मीआदिवासीशेतकरी असून िनसगर् वादळात’ झाडं गेली. वेलांटीखाली जिथे अक्षर नव्हतं तिथे एक ठिपक्यांचं रिकामं वर्तुळ होतं. सगळ्या अर्जात अशी बावीस वर्तुळं होती. नंतर मोजली.

आबा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी परत आले. कार्यालयातल्या बाईंनी कागद उलटसुलट पाहिला म्हणाले, आणि विचारलं, “आजोबा, हे कुठल्या भाषेत आहे?” आबांनी सांगितलं, “आमच्या गुरुजींनी लिहिलंय. त्यांच्याकडे अमेरिकेचं सर्टिफिकेट आहे.”

तो अर्ज मी तिथेच आबांसमोर हातानं लिहून दिला. फुलस्केप कागदावर, निळ्या शाईत, समास सोडून. त्याची पोच आली आहे.

लिनक्स अजून आहे आणि ठणठणीत चालतं. त्यानं त्याच्या बाजूनं एकदाही त्रास दिलेला नाही, हे मला सांगितलंच पाहिजे. इन्स्क्रिप्ट कीबोर्ड शिकतोय. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. साठी उलटल्यावर बाराखडी पुन्हा गिरवतोय आणि अजूनही दर चार शब्दांमागे ते रिकामं वर्तुळ उमटतं. फॉन्ट बदलणारं त्याहून चांगलं साधन पुतण्यानं शोधून दिलं, पण आता माझा साधनांवर विश्वास नाही. ग्रंथाची एक छापील प्रत माळ्यावर सापडली, तीवरून सगळा ग्रंथ नव्यानं टंकतोय. आज पान 61.

वाचकांपैकी कुणाच्या कपाटात जुन्या मराठी फॉन्टची सीडी पडली असेल, तर कृपा करून ती शेतात टांगू नका. पाखरंही तिला भीत नाहीत.