ट्रॉली, फक्त फोटोतली

कापूस वेचणीला आला, की धामणगाव रेल्वेतल्या मोबाइलांवर जुन्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचा लिलाव रंगतो. विकणारा बहुधा फौजी : बदली झालेली, मन मोठं, भाव निम्मा. 'चार जण बोली लावून बसलेत, आधी टोकन टाका!' बाजार समितीत ओलाव्याच्या एकेका टक्क्यावरून व्यापाऱ्याशी हुज्जत घालणारा आपला माणूस टनभर लोखंड मात्र फोटोवरून पारखतो. ट्रॉली समोर दाखवा म्हणा, चॅसिस नंबर आरसीशी ताडायला मागा. फौजी तत्काळ सीमेवर रवाना होतो. आणि टोकन परत करतो म्हणून पिन मागितला, तर ध्यानात ठेवा : पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही, बाप्पा! तरी पैसे गेलेच, तर नवस बोलण्याआधी सायबर फसवणुकीची हेल्पलाइन १९३० फिरवा. घाई करायची ती तिथं, बोलीत नव्हे.