मोटार पाहावी जोडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यानं ही दोन्ही कामं केली असावीत, पण गॅरेजात बसून जुन्या स्पोर्ट्स कारची नक्कल जोडली नसावी. नाहीतर म्हणीला तिसरा तुकडा आलाच असता. मूळचा कराडचा, सध्या इंग्लंडात लेस्टरला असलेला मी हा उद्योग करून बसलो आहे. त्यामुळे कुणी विचारलं नसतानाही नवशिक्यांना चार गोष्टी सांगण्याचा अधिकार मला आपोआप मिळाला आहे.

साहित्य: गंजकी पण चालू गाडी एक, एक इंची चौकोनी पोलादी नळी लागेल तेवढी, फायबरग्लासचे मडगार्ड चार, नटबोल्ट चवीनुसार, सोशिक शेजारी एक.

कृतीच्या आधी, नक्कल कशाची करायची ते ठरवा. इथे बहुतेकांचं मन कोब्रावर जातं. १९६२ मध्ये अमेरिकेच्या कॅरोल शेल्बीनं इंग्लंडच्या एसी कंपनीच्या चिमुकल्या गाडीत फोर्डचं व्ही-८ इंजिन बसवलं, ती कोब्रा. खऱ्या कोब्रा हजाराच्या आसपास बनल्या आणि नकला त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे पेट्रोल पंपावर कुणीतरी येऊन विचारणारच, "खरी आहे का हो?" तुम्ही "नाही" म्हणणार, तो "वाटलंच" म्हणणार. हा संवाद गाडी असेपर्यंत दर टाकीला एकदा होतो. तेवढी तयारी असेल तर कोब्रा करा.

फेरारी करू नका. इंजिन मधोमध असलेली स्वस्त गाडी म्हणून लोक टोयोटा एमआर-२ किंवा अमेरिकन पॉन्टिअॅक फिएरो घेतात आणि तिला फेरारीचा अंगरखा चढवतात. पण चाकांमधलं अंतर आतल्या गाडीचंच राहतं. थोरल्या भावाचा शर्ट धाकट्याला घातला की खांदे जिथे उतरतात, तिथेच गाडीचंही बिंग फुटतं. शिवाय फेरारी कंपनीला हे अजिबात खपत नाही. 'मियामी व्हाइस' मालिकेतली काळी फेरारी डेटोना ही कॉर्व्हेटवर बेतलेली नक्कल होती. कंपनीनं प्रकरण कोर्टात नेलं, मालिकेला खऱ्या टेस्टारोसा दिल्या आणि १९८६ मध्ये पडद्यावर ती डेटोना उडवून देण्यात आली. तुमच्यासाठी कुणी टेस्टारोसा पाठवणार नाही.

माझं मत विचाराल तर लोटस सेव्हन करा. लोटस कंपनीच्या कॉलिन चॅपमननं १९५७ मध्ये ही गाडी काढली आणि मुख्यतः सुट्या भागांत विकली. तयार मोटारीवर ब्रिटनमध्ये खरेदी-कर होता, सुट्या भागांवर नव्हता. अट अशी की सोबत जोडणीच्या सूचना द्यायच्या नाहीत. मग म्हणे लोटसनं गाडी कशी सुटी करावी याच्या सूचना दिल्या आणि गिऱ्हाईकांनी त्या शेवटून वाचल्या. १९७३ मध्ये करांची पद्धत बदलली, ती मौज संपली आणि सेव्हनचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. मुद्दा असा की ही गाडी मुळातच लोकांनी घरी जोडलेली आहे. तुमची नक्कल वाकडी झाली तर अस्सलही बहुधा तशीच होती. पंपावरच्या प्रश्नाला इथे निम्मं तरी खरं उत्तर देता येतं.

रॉन चॅम्पियन यांनी १९९६ मध्ये २५० पौंडांत स्पोर्ट्स कार घरी कशी बनवावी याचं पुस्तक लिहिलं आणि 'लोकॉस्ट' नावाची एक जमातच जन्माला आली. सेव्हनच्या वळणाची गाडी, नळ्या कापून आपल्या हातानं वेल्डिंग केलेली. पुस्तक अजून उपयोगी आहे, मुखपृष्ठावरचा आकडा सोडून. त्यात भाग काढण्यासाठी जुनी फोर्ड एस्कॉर्ट सांगितली आहे. त्या एस्कॉर्टला आता शौकीन लोक इतका भाव देतात की ती कापणारा मूर्ख ठरेल. म्हणून हल्ली माझदा एमएक्स-५ कापतात.

खर्चाबद्दल एकच: अंदाज काढा, दुप्पट करा आणि तो कागद घरात सापडणार नाही असा ठेवा.

आता टेप घ्या. आधी गॅरेज मोजा. गाडीच्या रुंदीत दोन्ही बाजूंना पाना फिरवणाऱ्या माणसाची रुंदी मिळवा, आणि हा माणूस तुम्हीच असल्यामुळे प्रामाणिक राहा. मग स्वतःला मोजा. सेव्हनमध्ये पायांची जागा इतकी अरुंद असते की ब्रेक दाबताना रुंद बूट ॲक्सिलरेटरवरही पडतो. म्हणून नळीवर पहिली कानस चालवण्याआधी दुसऱ्याच्या तयार गाडीत बसून पाहा. बसता आलं तर उठूनही पाहा. या दोन वेगळ्या परीक्षा आहेत.

वायरिंगला नवशिके घाबरतात, ते योग्यच आहे, पण चुकीच्या कारणासाठी. लाल-काळ्या तारांचं जंगल नकाशा समोर धरला की उलगडतं. खरी गोम अर्थिंगमध्ये आहे. नेहमीच्या गाडीचा पत्रा वीज परत नेतो, त्यामुळे दिव्याला एक तार पुरते. फायबरग्लास वीज नेत नाही. प्रत्येक दिव्याला परतीची तार वेगळी ओढावी लागते. मी मागच्या एका दिव्याची विसरलो. उजवा इंडिकेटर लावला की ब्रेकचा दिवा मंदपणे उघडझाप करायचा. तीन शनिवार मी फ्यूज बदलत होतो.

याच सुमारास आई इकडे आली होती. तिनं गाडीला एक प्रदक्षिणा घातली.

"अरे, दारं कुठायत?"

"या गाडीला नसतातच, आई."

"आणि वरचं?"

"ते खोक्यात आहे. नंतर लावायचं."

"मग एवढे पैसे घेतले कशाचे?"

या प्रश्नाचं उत्तर आधीच तयार ठेवा. माझ्याकडे नव्हतं.

सगळ्यांत महत्त्वाचं शेवटी सांगतोय, पण विचार त्याचा सर्वांत आधी करा. घरी जोडलेली गाडी रस्त्यावर आणायची तर ब्रिटनमध्ये आयव्हीए नावाची तपासणी द्यावी लागते. नियमांचं पुस्तक जाडजूड आहे. ते पहिली नळी कापण्याआधी वाचावं, गाडी तयार झाल्यावर नाही. मी उलटं केलं. तपासनीस १०० मिलिमीटर व्यासाचा गोल घेऊन येतो आणि गाडीच्या अंगावर फिरवतो. गोल जिथे टेकेल तिथली कड किमान २.५ मिलिमीटर त्रिज्येनं गोलावलेली हवी, म्हणजे धडक बसली तरी पादचाऱ्याला कापणार नाही. माझ्या आरशाच्या पट्टीची कड सुरीसारखी होती. पुढे स्टिअरिंग. वळणात सोडलं की ते आपोआप सरळ व्हायला हवं. माझं वळलेलंच राहिलं, रुसलेल्या जावयासारखं. नापास. तपासनीस अत्यंत सौजन्यानं वागला, त्यानं जास्तच लागलं.

पुढच्या महिनाभरात पुढच्या चाकांचे कोन बदलले, जिथे तिथे रबराची पट्टी चढवली आणि दुसऱ्या खेपेला पास झालो. पुष्कळ लोक पास झाल्यावर ही पट्टी सोलून काढतात. मी ठेवली आहे. जुन्या गाडीचे भाग वापरल्यामुळे माझ्या गाडीच्या नंबरच्या पाटीवर 'क्यू' हे अक्षर आलं. त्याचा अर्थ, या गाडीचं वय सरकारला ठरवता आलेलं नाही.

हे वाचून पुण्यातलं कुणी पार्किंगमध्ये वेल्डिंग मशिन आणायच्या बेतात असेल तर थांबावं. भारतात मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं. कारखान्यानं ठरवलेल्या मूळ तपशिलात असा बदल चालत नाही, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही तेच बजावलं. हौस भागवायची असेल तर अलिबागजवळ कार्लेखिंडीत चिंकारा मोटर्सनं बनवलेली सेव्हनच्या वळणाची रोडस्टर कुठे बघायला मिळते का ते शोधा. तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आहे. अॅम्बॅसेडरमध्ये बसायचं तेच, इथे मात्र त्याला ओढायला वजन फारसं नाही.

आणि कुणी "अर्धी जोडलेली गाडी स्वस्तात देतो" म्हणाला तर पहिल्या खेपेला घेऊ नका. जोडणीच्या पुस्तकातल्या ज्या पानावर त्यानं हात टेकले, तिथूनच तुमचं पहिलं पान सुरू होतं.

माझी गाडी गेल्या मे महिन्यापासून रस्त्यावर आहे. छप्पर अजून खोक्यात आहे.