पातं दळत नाही

ब्लेडवाल्या कॉफी ग्राइंडरच्या काही खोक्यांवर ‘जाडसर, मध्यम, बारीक’ असं ठळक छापलेलं असतं. गिऱ्हाइकाची ही सरळ फसवणूक आहे. या यंत्रात जाडी ठरवणारा एकही भाग नसतो. ‘बारीक’ म्हणजे मोटर जास्त वेळ फिरणार, एवढंच.

पातं दळत नाही, तोडतं. दळतं ते जातं. दोन दगडांतलं अंतर ठरलं की त्याहून जाड कण सहसा बाहेर पडत नाही, आणि महागडे बर ग्राइंडर दोन दातेरी चकत्यांमध्ये हेच काम करतात. पात्याचं तसं नाही. जो दाणा तळाशी सापडला तो पुन्हा पुन्हा तुटतो, कडेला उडालेला अर्धवट राहतो. एकाच भांड्यातून भुकटी आणि जाड कणी, दोन्ही निघतात. गरम पाणी पडलं की भुकटीतून कडवटपणा उतरतो आणि जाड कणीतून जेमतेम आंबटपणा. गोडवा आतच राहतो. दोन्ही दोष एकाच कपात.

तरीही ब्लेड ग्राइंडरला कचरा ठरवणारे कॉफीचे पंडित मला मुळीच पटत नाहीत. कॉफी दळली की सुगंध उडायला लागतो. महिन्यापूर्वी दळलेल्या पाकिटापेक्षा आत्ता ओबडधोबड तोडलेले चिकमंगळूरचे दाणे कधीही सरस. शिवाय फिल्टर कॉफीच्या तयार मिश्रणात कायद्याने किमान ५१ टक्के कॉफी असावी लागते. उरलेली ४९ टक्के चिकोरी असू शकते. चिकोरी आवडत असेल तर जरूर घाला, पण किती ते तुम्ही ठरवा. दाणे घेतले की तो हक्क तुमच्याकडे येतो. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर मात्र तेही घेऊ नका.

आता खरेदी. माझा सल्ला दुकानदाराला आवडणार नाही: आधी ओट्यावरचा मिक्सर बघा. त्याची मोटर साधारण ५०० ते ७५० वॅटची, त्या चिमुकल्या ग्राइंडरची बहुधा दीडशे-दोनशेची. पातं दोघांनाही तेच. चटणीचं एक जास्तीचं भांडं आणा आणि त्यात कॉफीशिवाय काहीही घालू नका. जुन्या भांड्यावर भागवायला जाऊ नका, कारण झाकणाच्या रबरी रिंगेत लसूण मुरलेला असतो आणि तो कितीही घासला तरी जात नाही. मिक्सर नसेल किंवा त्याचं धूड सकाळी नको वाटत असेल, तर वेगळा ग्राइंडर घ्या. पण भांडं निघणारं आणि झाकण पारदर्शक हवं. ज्याचं भांडं मोटरीलाच जोडलेलं आहे तो धुता येत नाही, आणि कॉफीचं तेल त्यात साचून खवट होतं. मग ताज्या दाण्यांनाही तोच वास.

वापरताना बोट बटणावर रोवून उभं राहणं ही सगळ्यात मोठी चूक. एका वेळी वीस-तीस ग्रॅम दाणे, पातं झाकेल इतके. दोन-तीन सेकंद फिरवा, थांबा, भांडं हलवा, पुन्हा फिरवा. सलग फिरवलं तर भांडं तापतं आणि जो सुगंध कपात यायला हवा तो ओट्यावरच संपतो. कान द्या: दाण्यांचा खडखडाट संपून नुसती घरघर उरली की जाडसर कॉफी झाली, फ्रेंच प्रेसवाल्यांनी तिथेच थांबावं आणि बारीक चाळणीने भुकटी काढून टाकावी. पितळेच्या किंवा स्टीलच्या फिल्टरसाठी आणखी थोडं फिरवा. मात्र पार पीठ केलंत तर फिल्टरची भोकं बुजतात आणि वरचं पाणी तासभर खाली उतरत नाही. झालं की प्लग काढा, मगच ब्रश आत घाला. पात्याशी बोटांनी खेळू नये.

या यंत्राकडून एस्प्रेसो मागू नका. तिथे कण बारीक आणि एकसारखे लागतात, आणि पात्याला ते कोणत्याही युक्तीने जमत नाही. एस्प्रेसो मशीनचं स्वप्न असेल तर आधी बर ग्राइंडरचे पैसे बाजूला काढा, मशीन नंतर.