रिकामी गाडी

सकाळी सहाच्या ठोक्याला नाना गाडी काढतात. आधी कव्हर. हे कव्हर काकूंच्या विटक्या इरकली लुगड्याचं, काठासकट शिवलेलं. त्यामुळे झाकलेली गाडी लांबून बघितली तर कुणी म्हातारी ओसरीत गुडघे पोटाशी घेऊन बसलीय असं वाटतं. कव्हर निघालं की नाना गाडीभोवती एक फेरी मारतात, तिन्ही चाकांना बुटाच्या टोकाने एकेक टोला देतात आणि कान लावून ऐकतात. ठक् आवाज आला तर हवा आहे, थप् आला तर गेली. मग ब्रेक लावून रेटून बघायचं, मग ब्रेक सोडून. सगळं मनासारखं झालं की गाडी ओसरीच्या पायऱ्या उलटी, मोठी चाकं आधी, अशी उतरते आणि शिरूर कासारच्या पेठेतून सिद्धेश्वराच्या मंदिराकडे निघते.

गाडीत कुणी नसतं.

पहिले पहिले लोक थांबून आत डोकवायचे.

"नाना, लेकरू कुठंय?"

"पुण्याला."

"मंग गाडीत काय हाये?"

"काही नाही. ट्रायल."

आता गावाला सवय झाली. बाहेरगावचा कुणी पहिल्या एसटीला आलेला असला तर तेवढा दचकतो.

नाना एसटीचे ड्रायव्हर. 'होते' म्हणायची सोय नाही. अठ्ठावन्न पुरी झाली आणि महामंडळाने हातातलं स्टेअरिंग काढून घेतलं, पण हात काही खाली आले नाहीत. जेवायला बसले की आधी ताटाच्या दोन्ही कडा धरतात, मग घास घेतात. निवृत्त माणसाचं हे असं असतं. निवृत्त मास्तर लग्नपत्रिकेतल्या चुकांना लाल पेनाने गोल करतो. निवृत्त तलाठी दुसऱ्याच्या बांधावर उभा राहून मनातल्या मनात मोजणी करतो. पण चुका आणि बांध गावात फुकट मिळतात. ड्रायव्हरला गाडी लागते. म्हणून नातू झाल्याचा फोन आला तेव्हा सगळ्यांनी वजन विचारलं, नाक कुणावर गेलं विचारलं. नाना म्हणाले, "म्हणजे आता गाडी बघावी लागणार."

मुलाने पुण्यात एक बघूनच ठेवली होती. छत्रीसारखी मिटणारी, चार जोड्या बारक्या प्लास्टिकच्या चाकांची. त्या जातीची गाडी मुळात 1965 साली मॅक्लॅरेन नावाच्या विमानाच्या इंजिनियरने काढली, ही माहिती मीच नानांना दिली. "विमानवाल्याचीच असणार," ते म्हणाले. "त्याला खड्डा माहीत नाही." शिरूरला तालुका होऊन 1999 पासून इतकी वर्षं झाली, पण आमच्या आळीतल्या रस्त्याला ते अजून कुणी कळवलेलं नाही. त्या बारक्या चाकात एक खडा अडकला की गाडी जागेवर आणि पोरगं पुढे, असा नानांचा हिशोब होता, आणि तो बरोबर होता.

त्यांना तीन चाकं हवी होती. का, ते त्यांनी मला चुलीजवळ नेऊन दाखवलं. "चुलीला दगड किती? तीन. चौथा लावला तर पातेलं डुगडुगतं. तीन ठिकाणी टेकलेली वस्तू कुठंही टेकते." लहानपणी त्यांना सुताराने बाभळीचा पांगुळगाडा करून दिला होता, त्यालाही मागे दोन आणि पुढे एक अशीच चाकं. म्हणजे शिरूरकरांना तीनचाकी काही नवी नाही. फक्त तिकडे 1984 साली अमेरिकेत वर्तमानपत्रात काम करणाऱ्या फिल बेक्लर नावाच्या माणसाला पोराला घेऊन पळायला जायचं होतं, त्याने बाबागाडीला सायकलची तीन चाकं लावली आणि त्याचा धंदा झाला. आमच्या सुताराला पळायला कधी जायचंच नव्हतं.

'बाबागाडी' हा शब्द नानांना चालत नाही. "बाबा म्हणजे लेकराचा बाप. बापाला ढकलायला घेतली का?" ते नुसतं 'गाडी' म्हणतात.

दुकानात मी बरोबर होतो. पुण्यातलं काचेचं, गार हवेचं दुकान. नानांच्या हातात बाजाराची पिशवी आणि पिशवीत आठ किलो गहू, कारण नातू त्या वेळी आठ किलोचा होता. त्यांनी पिशवी सीटवर बसवली, खांद्यावरून दोन, कमरेचे दोन आणि मधला एक असे पाचही पट्टे लावले आणि गव्हाला घेऊन दुकानभर फिरले. दुकानातली मुलगी मागे मागे. "सर, याला कपहोल्डर आहे. मोबाईलचा कप्पा आहे." नाना म्हणाले, "ते राहू दे बाई, चासी दाखव," आणि टॉवेल अंथरून सरळ फरशीवर उताणे पडून गाडीखाली गेले. दोन गिऱ्हाइकं बिचारी पाणी आणायला धावली.

खालून त्यांनी विचारलेले प्रश्न मात्र असे होते की मुलगी आतून मालकाला घेऊन आली. पुढचं चाक सगळीकडे वळतं, ते लॉक होतं का? व्हायलाच हवं. गुळगुळीत फरशीवर वळतं चाक चांगलं, पण खडीवर ते थरथरतं आणि खड्ड्यात आडवं पडतं. तिथे ते सरळ बांधून टाकायचं. ब्रेक एका पायात दोन्ही मागच्या चाकांना लागतो की एकालाच? मागची दोन चाकं एकमेकांपासून किती लांब? कारण तीनचाकीची खोड वळणावर कळते. जोरात वळवली की ती बाहेरच्या अंगाला कलंडते, हे सहा आसनी डुगडुगी बघितलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मग त्यांनी दांडीला गव्हाची पिशवी अडकवली आणि गाडी सोडली. रिकामी गाडी टपकन मागे उलटली. "बघितलं? दांडीला पिशवी लटकवायची नाही. टपावर बोजा टाकायचा नाही." दांडीला मनगटात अडकवायचा एक पट्टा होता. त्याला ते तेव्हापासून कासरा म्हणतात.

किंमत ऐकून काकू फोनवर एवढंच म्हणाल्या, "दोन दुभत्या शेळ्या आल्या असत्या." मी मध्ये पडलो. म्हटलं, काकू, लेकरांसाठी अशी पहिली नावाजलेली गाडी 1733 साली विल्यम केंटने एका इंग्रज सरदाराच्या पोरांसाठी केली, ती शिंपल्याच्या आकाराची होती आणि शेळीने ओढायची होती.

"मंग मी काय म्हनलं?" काकू म्हणाल्या.

पुणे ते शिरूर गाडी एसटीने आली. मांडीवर. नगरपर्यंत नानांनी शेजारच्या प्रवाशाला एसटीची पहिली बस 1 जून 1948 ला याच पुणे-नगर रस्त्यावर धावली हे सांगितलं, आणि नगर ते पाथर्डी त्यालाच परत सांगितलं. कंडक्टरने बोजाचं तिकीट मागितलं तेव्हा मात्र ते दुखावले. "बोजा नाही रे, गाडी आहे."

मग मे महिन्यात बारा दिवस नातू आला. त्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. ऊन बेचाळीसच्या पुढे, त्यामुळे सकाळी सात ते आठ आणि संध्याकाळी सहानंतर अशाच दोन फेऱ्या. सून ऊन लागू नये म्हणून गाडीवर ओढणी टाकायची, नाना ती काढायचे. ताडपत्री टाकलेल्या ट्रकात आत काय भट्टी होते ते त्यांना माहीत, आणि हवा कोंडली की पोर उकडतं हे खरंच आहे. ओढणी टाकणं-काढणं यावर दोन दिवस घरात थोडी शांतता होती. नातू गाडीत बसला म्हणजे पाच पट्टे लावेपर्यंत बसला. पाचवा लागला की रडायचा. नानांच्या वहीत, ती ते लॉगशीटसारखी भरतात, बारा दिवसांची एकूण प्रवासी वाहतूक एक तास अठ्ठेचाळीस मिनिटं आहे. बाकी वेळ पोरगं काकूंच्या कडेवर.

नातू गेला आणि गाडी नानांची झाली.

आमच्याकडे सिंदफणेच्या काठाने, रस्त्याच्या दुतर्फा, जिथे काही उगवत नाही तिथे वेडी बाभूळ उगवते. तिचा वाळलेला काटा चपलेतून पायात जातो, तिथे या टायरची काय कथा? पहिल्या आठवड्यात तीन पंक्चर. तिसऱ्या वेळी मी नानांबरोबर स्टँडजवळच्या पंक्चरच्या टपरीवर होतो. टपरीवरच्या पोराने सायकलचा पंप लावायला घेतला, तो बसेना. सायकलच्या ट्यूबला आपल्याकडे रबरी नळीचा वॉल असतो, ह्या बारा इंची ट्यूबला मोटारसायकलसारखा, टाचणीने दाबला की फुस्स करणारा. मग पोरगं कॉम्प्रेसरची नळी घेऊन आलं. नानांनी त्याचं मनगट धरलं. "ट्रकची हवा आहे ती. एका दमात फुटंल. टिचकी टिचकीनं मार. तीस पौंड." पोराने ट्यूब घमेल्यातल्या काळ्या पाण्यात बुडवून फिरवली. नाना वाकून बघत होते. एक बुडबुडा आला, मोहरीएवढा. मग थांबून दुसरा. नानांनी काडेपेटीतली काडी काढून तिथे टेकवली आणि म्हणाले, "धर." घासकागद, सोल्युशन, त्यावर फुंकर, ठिगळ, ठिगळावर हातोडीचे चार टोले. पैसे देताना नाना त्याला म्हणाले, "ट्यूब बदलली तरी काटा टायरातच असतो. आधी टायरमधून बोट फिरव. सावकाश." त्या पोराने मान डोलावली आणि बोटाला काटा टोचून घेतला.

गाडीबरोबर जी पुस्तिका आली ती सात भाषांत, त्यात मराठी नाही. शेजारच्या दहावीतल्या मुलीने ती नानांना वाचून दाखवली. आसाला ग्रीस लावू नका, असं तीत निघालं. तीस वर्षं ग्रीसमध्ये हात घातलेल्या माणसाला हे म्हणजे देवाला हळद लावू नका म्हटल्यासारखं. दोन दिवस विचार करून नाना स्वतःच म्हणाले की बरोबर लिहिलंय. आपल्याकडची धूळ ग्रीसला चिकटली की त्याचा घासकागद होतो आणि आस खातो. तेव्हापासून चाक खटका दाबून काढायचं, आस कोरड्या फडक्याने पुसायचा, सिलिकॉनचा एक फवारा मारायचा, चाक बसवायचं आणि ओढून बघायचं. ओढून बघणं महत्त्वाचं, कारण खटका अर्धवट बसला तर चाक वाटेत निघून एकटंच पुढे जातं. सीटचं कापड साध्या साबणाने धुऊन सावलीत वाळवायचं. पट्ट्यांवर पाण्याचा पाईप मारायचा नाही. हे सगळं दर रविवारी, गाडीत कुणी बसो न बसो.

आणि रोजची ट्रायल. "उभ्या गाडीचे टायर बसतात," एवढंच कारण ते देतात.

याच वाक्यावर ते पुढे पकडले गेले. दसरा जवळ आला तशी मागच्या वस्तीवर हालचाल सुरू झाली. मुकादमाची उचल घेतलेली, कोयते ऊसतोडीला जायचे होते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. आमच्या भागातली घरंच्या घरं दसऱ्या-दिवाळीला अशी कुलूपबंद होतात ती साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत उघडत नाहीत. त्यातल्या एका सुनेच्या कडेवर दहा महिन्यांचं पोर होतं. काकूंनी नानांना चहा दिला आणि म्हणाल्या, "अहो, ही गाडी हिला द्या."

"फडात? उसाचे बुडखे बघितलेस का? भाले असतात भाले. रस्ता नाही तिथं."

"उभ्या गाडीचे टायर बसतात म्हणता ना? मंग सोडा की लाईनला."

नाना चहाच्या कपात बघत राहिले. नंतर उठून त्यांनी वही आणली आणि चार्ज द्यायला बसले. गाडी एक. जादा ट्यूब एक. ठिगळं पाच, सोल्युशन एक, हातपंप एक, कव्हर लुगड्याचं एक. ती सून पोर कडेवर घेऊन ऐकत होती. फडात पुढचं चाक कायम लॉक. उतारावर कासरा मनगटात. कोपीपुढे उभी केली की ब्रेक, दोन मिनिटांसाठी असली तरी ब्रेक. मिटताना लेकराची बोटं बघ. बाजूने वाहन येत असलं तर... तिने मध्ये एकच विचारलं.

"नाना, हिच्यात बसतंय किती?"

"बावीस किलो."

"म्हंजी लेकरू आन् हंडा?"

"हंडा नाही."

ती हो म्हणाली. खिडकीबाहेर हात काढू नका, या पाटीखाली बसलेले प्रवासी जसं हो म्हणतात तसं.

ट्रॅक्टर निघाला तेव्हा ट्रॉलीत गोधड्या, भांडी, एक शेळी, कोंबड्यांची डालगी आणि सगळ्यांच्या वर, लुगड्यात गुंडाळलेली, ती म्हातारी बसलेली. नाना वळणापर्यंत मागे चालत गेले. एक चाक हलत होतं असं त्यांचं म्हणणं.

पंधरा दिवसांनी फोन लागला. मी समोर होतो, त्यांनी फोन मोठ्याने लावला होता. मागे वाऱ्याचा आवाज आणि कुणीतरी वाढं विकायच्या भावावरून भांडत होतं.

"हवा बघतेस का?"

"बघती की. एक नंबर हाये."

"पोरगं बसतं?"

"न्हाई वो. पोरगं झोळीतच झोपतंय. गाडीत हंडा ठिवलाय, पानी लई लांबून आनावं लागतंय हितं."

नाना गप्प झाले. काकू पदराने तोंड झाकून आत गेल्या. मला वाटलं, आता फोन ठेवतील.

"हंडा किती लिटरचा?"

"आसंल की पंधराचा."

"पंधरा पाणी, एक भांडं. सोळा." ते वहीत लिहायला लागले. "बसतंय. मागच्या दोन्ही चाकांत दोन पौंड जास्त मार. आणि ऐक, हंड्याला पट्टा लाव. खड्ड्यात डचमळेल."

"लावलाय की नाना. पाची."