पाचपदरी बंदोबस्त

३१ जानेवारी २०१७ च्या रात्री गिटलॅब या संस्थेच्या एका अभियंत्याने, दुय्यम सर्व्हर समजून, मुख्य सर्व्हरवरील दप्तर नष्ट करण्याचा हुकूम सोडला आणि चूक ध्यानी येऊन हात आवरेतो सुमारे ३०० गिगाबाइटांपैकी जेमतेम साडेचार शिल्लक उरले. बंदोबस्त, अर्थात, पाचपदरी होता. फक्त नित्याची नक्कल आवृत्तीभेदामुळे निघतच नव्हती, तशी वर्दी देणारे ईमेल दारातूनच परतवले जात होते, आणि मेघस्थ कोठार निष्कलंक रिकामे होते. तारले ते त्याच अपराधी अभियंत्याने सहा तासांपूर्वी भलत्याच कामासाठी काढून ठेवलेल्या एका नकलेने! या जीर्णोद्धाराचे थेट प्रक्षेपण संस्थेने यूट्यूबवरून केले. प्रेक्षकांची, म्हणे, वाण पडली नाही.