भुसावळ बेटावरील माझे वास्तव्य

भुसावळ हे उष्ण कटिबंधातील एक बेट आहे, असे विधान मी शिक्षकांच्या खोलीत प्रथम केले तेव्हा माझे ज्येष्ठ सहकारी ज्या दृष्टीने माझ्याकडे पाहू लागले, ती दृष्टी मे महिन्यात डोक्याला रुमाल न बांधता बाहेर पडणाऱ्या परगावच्या इसमासाठी येथे राखून ठेवलेली असते. वास्तविक विधानाचा पूर्वार्ध निर्विवाद आहे. कर्कवृत्त साडेतेवीस अंशांवरून जाते आणि भुसावळ एकविसाव्या अंशाच्या आसपास वसलेले आहे. तेव्हा भूगोलाच्या दप्तरी त्याची नोंद जावा, सुमात्रा आणि सिंहलद्वीप यांच्याच सदरात व्हावयास हवी, आणि वैशाखातल्या दुपारी पारा जेव्हा ११५ अंश फॅरनहाइटच्या घरात जातो तेव्हा तर त्या सदरातील इतर मंडळींनी उठून त्याला बसावयास जागा द्यावयास हवी. उत्तरार्धाचे श्रेय मात्र माझे नव्हे. ते एका फायरमनच्या चिरंजीवाचे. ‘बेट म्हणजे काय?’ या माझ्या प्रश्नावर तो तत्परतेने उभा राहून म्हणाला, ‘‘ज्याच्या दोन्ही बाजूंनी गाड्या जातात ते, गुरुजी. आपला मधला फलाट आयलंड आहे. बाबा म्हनतात.’’

मी त्याला खाली बसविले खरे, पण रात्री बाजेवर पडल्या पडल्या विचार करता मला त्याच्या उत्तरात काढण्यासारखी चूक सापडेना. मुंबईहून आलेला लोहमार्ग येथे दुभंगतो. एक फाटा नागपूरकडे वळतो आणि दुसरा तापी ओलांडून खंडव्यावरून इटारसीला जातो. हे रूळ १८६० नंतरच्या दशकात येथे आले आणि १८६७ साली नागपुरास पोहोचले. त्यांच्यामागोमाग यार्ड आले, लोकोशेड आले, साहेबांचे बंगले आणि नोकरांच्या चाळी आल्या, आणि एका साध्या खेड्याच्या चतुःसीमा अशा रीतीने आखल्या गेल्या की आता घरून शाळेत, शाळेतून बाजारात वा बाजारातून दवाखान्यात जावयाचे तर कोठे ना कोठे रूळ आडवे येतातच. फाटक बंद झाले की आमच्या बेटाचा जगाशी संबंध तुटतो. मालगाडी निघून गेली असे वाटावे तोच ती पुन्हा मागे येते, थोडा विचार करते आणि पुन्हा पुढे जाते. या क्रियेस शंटिंग म्हणतात, आणि तिच्यापुढे मुख्याध्यापकांच्या हजेरीपटाचे काही चालत नाही. मी जन्माने मालवणचा. सिंधुदुर्ग ज्यावर उभा आहे ते कुरटे बेट आमच्या किनाऱ्यावरून नित्य दिसे; परंतु समुद्राच्या भरतीओहोटीला निदान पंचांगाचा धाक असतो.

कोकणातून मास्तर होऊन खानदेशात येणाऱ्यांची परंपरा थोर आहे, हे मी येताना घोकून ठेवले होते. मालगुंडचे केशवसुत भडगावास आणि फैजपुरास शिकवीत होते. पालगडचे साने गुरुजी १९२४ साली अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात रुजू झाले आणि १९३० साली नोकरी सोडून सत्याग्रहात गेले. एकाने कविता घेतली, दुसऱ्याने देश घेतला. मी उशिरा पोहोचल्यामुळे माझ्या वाट्यास इयत्ता आठवीचा भूगोल तेवढा उरला होता.

बिऱ्हाड मिळाले ते रेल्वेच्या चाळींना लागून असलेल्या एका खासगी चाळीत. पहिल्याच संध्याकाळी शेजारचे वृद्ध गृहस्थ चौकशीस आले. त्यांची हयात जी.आय.पी.त गेली होती, आणि १९५१ साली त्या रेल्वेची मध्य रेल्वे झाली ही गोष्ट त्यांनी अद्याप मनाने मंजूर केली नव्हती. ‘‘लोको का ट्राफिक?’’ त्यांनी विचारले. या गावात मनुष्यमात्राचे वर्गीकरण प्रथम या दोन वर्णांत होते. मी नम्रपणे म्हणालो, ‘‘भूगोल.’’ त्यांनी क्षणभर डोळे मिटले आणि मग सहानुभूतीने मान हलविली. ‘‘असंल बाप्पा. मध्य रेल्वे झाल्यापासून नवी नवी खाती निघून राहिली.’’

त्या चाळीत निद्रेचा बंदोबस्त कॉलबॉयकडे होता. कॉलबॉय हा बॉय असलाच पाहिजे असा नियम नाही. आमचा पन्नाशी ओलांडलेला होता. ज्या ड्रायव्हरची वा गार्डची गाडी रात्री निघावयाची असेल त्याच्या दारी अपरात्री एका हातात कंदील आणि काखेत कॉलबुक घेऊन जाणे, त्याला उठविणे आणि तो उठल्याची सही घेणे, हे त्याचे काम. माझ्या पलीकडच्या खोलीत राहणारे ड्रायव्हरसाहेब पंजाब मेल हाकीत. सबंध गाडीची कुंभकर्णनिद्रा एकट्याने भोगावी अशी त्यांची झोप. कॉलबॉयच्या पहिल्या हाकेस मी जागा होई, दुसरीस सगळी चाळ, तिसरीस चाळीबाहेरची कुत्री; ड्रायव्हरसाहेब तेवढे वगळले जात. अखेर एके रात्री कंदील माझ्याच दारी आला. ‘‘गुरुजी, तुमीच उठवा बरं यांना. तुमाले पोरं जागी करायची सवय आहे.’’ माझा लौकिक याच्या नेमका उलट आहे हे सांगण्याची ती वेळ नव्हती. मी खिडकीपाशी उभा राहून वर्गात वापरावयाच्या स्वरात ‘उभे राहा!’ असे गरजलो, आणि चमत्कार असा की ड्रायव्हरसाहेब खरोखरच उभे राहिले. तेव्हापासून पंजाब मेल भुसावळहून वेळेवर सुटते यात शिक्षणखात्याचाही अल्पसा वाटा आहे. तो कोणत्याही अहवालात नमूद नाही, इतकेच.

वर्गातील माझी रयतही या बेटास शोभेशीच होती. तेलुगू, पंजाबी, बंगाली, उत्तर हिंदुस्थानी आणि लेवा पाटलांची पोरे एका बाकावर बसत आणि वडिलांच्या बदलीचा हुकूम आला की वर्षाच्या मध्येच दाखला घेऊन अदृश्य होत. त्यांना नद्या पाठ करविताना माझ्या घशास कोरड पडे, परंतु दुसखेडा, सावदा, निंभोरा, रावेर, वाघोडा, बऱ्हाणपूर ही मालिका ती श्वास न घेता म्हणत आणि कोणत्या स्टेशनावर इंजिनास पाणी मिळते हेही वर सांगत. तापी कोठून कोठे वाहते या प्रश्नास एकाने ‘पुलाखालून’ असे उत्तर दिले. मी त्यास अर्धा गुण दिला. चैत्रापासून शाळा सकाळची होई. तरीही शेवटच्या तासास खडू हातात तापू लागे, आणि नकाशातील राजपुतान्याच्या वाळवंटाकडे बोट दाखविताना त्या बाजूस जरा गारवा असावा असे मनात येई.

बेटावर राहण्याचा एक मोठा लाभ म्हणजे तेथे पाहुणे येत नाहीत, असे प्रवासवर्णने वाचून माझे मत झाले होते. भुसावळास पाहुणे येत नाहीत हे अक्षरशः खरे आहे. ते भुसावळावरून जातात. नोकरी लागल्याची वार्ता मालवणात पसरताच ज्या आप्तांनी मला मुंजीनंतर पाहिले नव्हते त्यांची कार्डे येऊ लागली. ‘अनेक आशीर्वाद, विशेष. आम्ही काशीयात्रेस निघालो आहोत. आमची गाडी भुसावळास थांबते. डबा घेऊन स्टेशनवर यावे. पुऱ्या मऊ असाव्यात, दादांस दात नाहीत.’ कार्डात डब्याचा, म्हणजे पुऱ्यांच्या डब्याचा, तपशील संपूर्ण असे. गाडीच्या डब्याचा कधीही नसे. त्यामुळे हाती पितळी डबा, खांद्यावर पंचा आणि मुखात काकूंचे नाव अशा थाटात मी फलाटाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावे, केळीवाले माझ्याबरोबर धावत, आणि काकू सापडत त्या नेमक्या इंजिनाला लागून असलेल्या डब्यात. खिडकीतून पहिले उद्गार येत, ‘‘किती काळो झालंस रे!’’ मग फिरकीचा तांब्या बाहेर येई, तो भरून द्यावा लागे. मग केळी, कारण येथील केळी मालगाड्या भरभरून दिल्लीकडे रवाना होतात हे काकूंसही ठाऊक असे. आणि मी क्षेमकुशल विचारावयास तोंड उघडतो न उघडतो तोच शिटी होई. डबा गाडीबरोबर जाई. आजमितीस माझे पितळी डबे हावड्यापासून फिरोजपूरपर्यंत विखुरलेले असून त्यांच्या झाकणांवर माझे नाव कोरलेले आहे, यापलीकडे माझी कीर्ती महाराष्ट्राबाहेर पसरल्याचे मला माहीत नाही.

एवढे असून मी येथे टिकलो याचे कारण वांगे. मार्गशीर्षात एका विद्यार्थ्याच्या काकांनी तापीपलीकडच्या आपल्या शेतात भरिताचे आमंत्रण दिले. मालवणच्या मनुष्यास मासळीवाचून जेवण म्हणजे शिक्षा. मी शिक्षा भोगण्याच्या तयारीने गेलो. हिरवी-पांढरी, हातभर लांबीची वांगी कपाशीच्या वाळल्या काड्यांवर रचून पाटलांनी काडी ओढली. जाळ कमरेइतका उठला आणि बसला, आणि राखेतून निघालेली काळीठिक्कर वांगी बोटे भाजत सोलली जाऊ लागली. लाकडी उखळात हिरव्या मिरच्या आणि लसूण कुटला जात होता, त्यात ती पडली; वर तेलाची फोडणी, कांद्याची पात आणि शेंगदाणे. केळीच्या पानावर तो ढीग आणि शेजारी कळण्याची भाकरी आली. पहिल्या घासास डोळ्यांतून पाणी आले, दुसऱ्यास कानांतून वाफ, आणि तिसऱ्यापासून मी मोजणे सोडून दिले. ‘‘तिखट तं नाही ना झालं, गुरुजी?’’ पाटलांनी विचारले. मला बोलता येत नव्हते; त्यांनी ती संमती समजून आणखी वाढले.

परिणामी माझ्या मनाची स्थिती ऋतुमानाप्रमाणे बदलू लागली. चैत्र लागला, नळाचे पाणी चहास थेट वापरता येईल इतके तापू लागले, की मी किनाऱ्याकडे बदली मिळावी असा सविस्तर अर्ज करी. त्यात प्रकृतीमान, वृद्ध मातापिता आणि समुद्राची हवा यांचा यथाक्रम उल्लेख असे. तो वरिष्ठांकडून फिरत फिरत शेरे गोळा करी, आणि त्यावर विचार होण्याची वेळ येई तोच थंडी पडून बाजारात भरिताची वांगी दिसू लागत; मग मी अर्ज मागे घेण्याचा अर्ज करी. आमचे हेडक्लार्क मोठे समंजस गृहस्थ. यंदा चैत्रात मी नेहमीप्रमाणे त्यांच्या टेबलापाशी गेलो तेव्हा त्यांनी माझा कागद वाचलाही नाही. फायलीत लावला, दौत माझ्याकडे सरकविली आणि म्हणाले, ‘‘मागं घ्यायचा अर्जही आताच लिहून ठेवा, गुरुजी. तारीख मी टाकून घीन. मार्गशीर्षात तुम्ही सापडत नाही.’’